आवडीचा खुबा

आवडी पडली तेव्हा सोनुबाईला आधी हसू आलं. ते तिनं आणलं नव्हतं. घशातून आपोआप फुटलं, अर्धं बाहेर आलं आणि अर्धं तिनं गिळलं. मार्गशीर्षातली सकाळ होती. कडावच्या त्यांच्या अंगणात कोवळं ऊन पसरलं होतं. सोनुबाई पडवीत सूप घेऊन तांदूळ पाखडत बसली होती. आवडी कमरेवर कळशी घेऊन विहिरीवरून आली. ओटीवरून आबाजीनं हाक दिली, "आवडे, चुन्याची डबी दे गं," म्हणून ती त्याच्याकडे वळली आणि वळता वळताच खाली बसल्यासारखी पडली. पायाखाली ना धोंडा होता ना शेवाळ. कालच सारवलेलं कोरडं अंगण. कळशी गडगडत तुळशीपर्यंत गेली आणि पाणी आवडीच्या लुगड्याखालून निथळत राहिलं. पण त्याआधी एक आवाज आला होता. शेवग्याची वाळकी फांदी मोडावी तसा. तो आवाज आवडी जमिनीला टेकण्याच्या आधी आला की नंतर, हे सोनुबाईला पुढं कितीतरी दिवस ठरवता आलं नाही. तिला एवढंच नक्की ठाऊक होतं की आवाजाच्या आणि आवडीच्या किंकाळीच्या मधल्या फटीत ती हसली होती. आणि किंकाळी फोडायच्या आधी आवडीनं मान वर करून तिच्याकडे बघितलं होतं.

आबाजी ओटीवरून उतरला तो धावतच. साठी ओलांडलेला माणूस, पण धोतराचा सोगा हातात धरून असा धावला की सोनुबाईच्या हातातलं सूप तिथल्या तिथं थांबलं. हा माणूस धावतो? कुणासाठी? तिच्या आयुष्यात तिनं त्याला दोनदाच धावताना बघितलं होतं. एकदा गोठ्याला आग लागली तेव्हा आणि एकदा आवडीला पहिला मुलगा झाला म्हणून सुईणीनं दारातून हाक दिली तेव्हा. आता ही तिसरी वेळ. आबाजी चिखलात गुडघे टेकून आवडीचं डोकं मांडीवर घेत होता, "काय झालं गं, कुटं लागलं गं," असं म्हणत होता, आणि सोनुबाई सुपातल्या तांदळात बोटं खुपसून बसली होती. थंडगार तांदूळ. तिच्या मनात आलं, मी पडले असते तर? मी पडले असते तर यानं ओटीवरूनच विचारलं असतं, कळशी फुटली का म्हणून.

तीस वर्षं झाली होती. घाटात आगगाडीचा रस्ता फोडायचं काम निघालं, तेव्हा आबाजी दोन हिवाळे तिथं दगड वाहायला गेला होता. सोनुबाई तेव्हा चोवीस वर्षांची, लग्नाला दहा वर्षं होत आलेली आणि कूस रिकामी. पहाटे उठून ती त्याच्यासाठी भाकरी बांधायची, सुकट भाजून द्यायची. घाटात पटकी आली, माणसं किड्यामुंग्यांसारखी मेली, तेव्हा तिनं गावदेवीला नवस केला की तो धड घरी येऊ दे. तो धड घरी आला आणि दुसऱ्याच महिन्यात, त्या मजुरीच्या पैशावर, नेरळकडची सोळा वर्षांची आवडी लग्न होऊन घरात आली. म्हणजे त्या भाकरी आपण कशासाठी बांधत होतो, हे सोनुबाईला वरातीच्या दिवशी कळलं. ती रडली नाही. तिनंच आवडीची ओटी भरली, तिनंच तिला चूल दाखवली. गाव म्हणालं, मोठी लई समजूतदार. समजूतदारपणा तिच्या पोटात तेव्हापासून खड्यासारखा पडून होता. जेवताना, पाणी भरताना, लावणीत वाकताना तो एकीकडून दुसरीकडे सरकायचा.

महिन्यातले चार दिवस मात्र तिचे असत. आवडी बाहेर बसली की आबाजीचं पान सोनुबाई वाढायची, त्याची घोंगडी सोनुबाई झटकायची. त्या चार दिवसांची ती वाट बघायची आणि वाट बघते म्हणून स्वतःवर चिडायची. आवडी गरोदर राहिली की तेही दिवस बंद. आवडीला सात झाली. देवीच्या साथीनं दोन नेली, तापानं दोन, एक जन्मताच गेलं. राहिली दोन. हिरामण आता मुंबईला गिरणीत होता, बायकोला घेऊन तिकडंच राहिला होता. आणि बायजा खालापुरात दिली होती. सोनुबाईचं स्वतःचं अंगावरचं जाणं थांबलं तेव्हा तिला सुटल्यासारखं वाटलं होतं. महिन्याच्या महिन्याला अंगच आपल्याला सांगायचं की यंदाही नाही, ते सांगणं संपलं. अंगातून वाफा यायच्या, मध्येच घाम फुटायचा, भर थंडीत पदरानं वारा घ्यावा लागायचा, पण सुटका होती ती. मग दोन वर्षांपूर्वी आवडीचंही थांबलं. तेव्हा सोनुबाईला वाटलं होतं, चला, आता आपण दोघी सारख्या झालो. आता हिच्यापाशी असं काही उरलं नाही जे माझ्यापाशी नाही.

आणि आता आवडी पडली होती, आणि पुन्हा तिच्यापाशी काहीतरी होतं.

हाडं बसवायला डोंगराकडच्या वाडीतून पारूला आणलं. पारू म्हणजे काळी, वाळकी, सोनुबाईहून मोठीच बाई. पण डोंगर उतरून आली तरी दम लागलेला नव्हता. तिनं आवडीला जमिनीवरच चटईवर निजवलं. दोन्ही पाय सारखे लांब करून बघितले. उजवा पाय चार बोटं आखूड दिसत होता आणि पाऊल बाहेरच्या अंगाला लवंडलं होतं. पारूनं खुब्यावर तळहात ठेवला आणि डोळे मिटून बराच वेळ तशीच बसली. आवडी कण्हत होती. आबाजी उंबऱ्यात उभा होता.

"खुबा मोडलाय," पारू म्हणाली. "पन हाड आत खुपसून बसलंय. सुटं झालं असतं तर आशाच नव्हती. तीन महिनं ही जागची हलायची नाय."

"पन पडली कशी? अंगन तर कोरडं ठाक," आबाजी म्हणाला.

"पडली म्हून मोडलं आसं कोन सांगतंय? मोडलं म्हून पडली आसंल." पारू बांबूच्या कामट्या तासता तासता बोलत होती, स्वतःशीच बोलल्यासारखी. "बाईचं जानं थांबलं का हाड आतनं पोकळ व्हाया लागतं. वाळवी लागल्या वाशावानी. वरनं काय दिसत नाय. वासा आपला जागच्या जागी. मंग एक दिस काय तरी निमित्त व्हतं, न्हाय तर निमित्तबी लागत नाय."

"सात बाळंतपनं झाली तिला," आबाजी म्हणाला. त्याच्या आवाजात जे होतं ते सोनुबाईच्या कानाला झोंबलं. जणू आवडीनं ती सात हाडं स्वतःच्या अंगातून काढून त्याला दिली होती.

"त्यानं काय व्हतंय? वांझ बायाबी मोडलेल्या बसवल्यात मी," पारू म्हणाली, आणि म्हणताना तिनं सोनुबाईकडे बघितलंही नाही. तिला ठाऊकच नव्हतं. पण सोनुबाईच्या कानाच्या पाळ्या तापल्या. आतापर्यंत तिच्या मनात एक गोष्ट हळूहळू आकार घेत होती, की आपण सरळ उभ्या आहोत, आपण दोन हंडे डोक्यावर घेतो, आपलं हाडन् हाड जागेवर आहे, कारण आपण ते कुणाला वाटून दिलं नाही. पारूनं तेवढंही ठेवलं नाही.

आवडीच्या दोन्ही अंगांना भाताच्या कोंड्याची गाठोडी लावली. कामट्या आणि चिंध्या बांधल्या. पाठ चिघळू नये म्हणून खाली केळीची पानं घालायची, दिवसातून सहादा तिला थोडं कुशीवर करायचं, ओढायचं नाही, खुबा आणि खांदा एकदम फिरवायचा, हे सगळं पारूनं सांगितलं. नाचणी द्या, तीळ द्या, सुकी मासळी काट्यासकट कुटून द्या, आणि ऊन. उन्हात ठेवा तिला. सांगून झाल्यावर पारू पडवीत आली, तेव्हा सोनुबाई कोपऱ्यातल्या खुंटीवर सूप अडकवत होती. चवड्यांवर उभी राहून. ही खुंटी वर्षभरापूर्वी आवडीनं उंच ठोकली असा तिचा पक्का समज होता. त्यावरून ती आवडीशी भांडलीही होती, तुझा हात पोचतो म्हणून सगळं घर तुझ्या मापाचं करू नको, असं बोलली होती. आवडी म्हणाली होती, "मी हात नाय लावला बाय, देवाशपत," आणि सोनुबाईनं विश्वास ठेवला नव्हता.

"किती वरीस झाली तुजं थांबून?" पारूनं विचारलं.

"सात-आट."

"खुंटी कवापासनं उंच लागाया लागली?"

सोनुबाई वळली. "तिनं ठोकलीय उंच."

पारूनं भिंतीपाशी जाऊन खुंटीच्या मुळाचं सारवण नखानं खरवडलं. जुन्या शेणामातीचे थरावर थर होते. "खुंटी हाय तिथंच हाय," ती म्हणाली. "तूच खाली आलीस. मणके बसत्यात. सांबाळ गं बाय. तिला उचलता उचलता तूबी जाशील. रोज एका पायावर उभी रहात जा, भिंतीला हात लावून. शंभर आकडं मोजूस्तवर. मंग दुसऱ्या पायावर. पायानं इसरू नये, का आपुन पाय हाय म्हून."

त्या दिवसापासून घर आवडीभोवती फिरू लागलं. चूल तिच्या वेळेनं पेटायची. मागल्या दारच्या भिंतीत खिडकीएवढं भोक पाडून आबाजीनं तिच्या अंथरुणावर ऊन आणलं. स्वतः कुदळ घेऊन. सकाळी ते ऊन आवडीच्या पोटावर यायचं, मग मांड्यांवर सरकायचं, आणि आबाजी तिथंच भिंतीला टेकून बसायचा, तिला नाचणीची आंबील चमच्यानं भरवायचा. शेतं कापून झाली होती. त्याला दुसरं काम नव्हतं. दोघं काय बोलायची ते सोनुबाईला चुलीपाशी ऐकू यायचं नाही. ऐकू येण्याइतकं मोठ्यानं काही बोलत नसत. मध्येच आवडीचं हसणं यायचं. दुखत असून हसायची. सोनुबाई चुलीत फुंकर घालायची तेव्हा त्या फुंकरीत तिचं सगळं आयुष्य असायचं. तिला स्वतःला ताप आला तेव्हा तिनंच उठून काढा केला होता. विंचू चावला तेव्हा तिनं स्वतःच फडकं बांधलं होतं. सरळ उभं राहणाऱ्या बाईजवळ कोण बसतं? बसायला आधी कुणीतरी आडवं पडावं लागतं. हा विचार पहिल्यांदा मनात आला तेव्हा ती दचकली. दुसऱ्यांदा आला तेव्हा दचकली नाही. तिसऱ्यांदा तर तीच त्याला बोलवायला लागली.

गावातल्या बाया आवडीला बघायला यायच्या. येताना कुणी तिळाचा लाडू, कुणी घावन, कुणी चार अंडी. शेजारची लडकू रोजच यायची. "बाय गं, केवढी सोसतेस," म्हणायची आवडीला, आणि मग सोनुबाईकडे वळून, "तुजं बरं हाय, देवानं तुला काटक ठेवलंय." काटक! सोनुबाईला तो शब्द जात्याच्या खुंट्यासारखा वाटायचा. आवडीला दिवसातून सहादा कुशीवर करायचं, तिचं शी-मूत काढायचं, पाठीला खोबरेल लावायचं, हे सगळं ती करत होती, कारण आबाजीनं करायचं नसतं आणि दुसरं कुणी नव्हतं. करताना ती आवडीच्या अंगाकडे बघायची. ज्या अंगाचा तिनं तीस वर्षं द्वेष केला होता ते तिनं आत्तापर्यंत कधी बघितलंच नव्हतं. पोटावर सुरकुत्या, ओहोटीच्या वाळूवर उमटतात तशा. दंडांची कातडी लोंबलेली. पाठीला वरच्या बाजूनं बारीकसं कुबड आलेलं. हीच ती. हिच्यासाठी आबाजी घाटात दगड वाहत होता.

पौष संपत आला तेव्हा एका दुपारी सोनुबाईनं ते केलं. ठरवून केलं नाही, निदान तिला तसं वाटलं. ती विहिरीवर गेली होती. विहिरीच्या कडेला एक शिळा आहे, तिच्यावरून पाणी सांडून सांडून ती गुळगुळीत झाली होती. बाया तिला वळसा घालून जात. सोनुबाईनं हंडा भरला, त्यावर कळशी ठेवली, चुंबळ सारखी केली, आणि दोन्ही डोक्यावर घेऊन शिळेवर पाय ठेवला. उजवा. टाचेकडून. मनात म्हणाली, जा. पाय सरकला. अंग मागं गेलं. आभाळ एकदम डोळ्यांत आलं. पांढरं, कोरडं, एकही पाखरू नसलेलं. आणि त्याच क्षणी तिचा डावा पाय तिला न विचारता मागं सरकून मातीत रुतला, कंबर वळली, मानेनं हंडा सावरला, दोन्ही हात पसरले गेले, आणि ती उभीच राहिली. थेंबभर पाणी सांडलं. तेवढंच. तिचं काळीज ढोल वाजल्यासारखं धडधडत होतं आणि अंग मात्र एखाद्या दुसऱ्याच बाईचं असावं तसं शांत, ताठ, आपलं काम चोख करून उभं होतं. तिनं पुन्हा शिळेवर पाय ठेवला. या वेळी पाय सरकलाच नाही. अंगठ्यानं दगड पकडून धरला. पन्नास वर्षं बांधावरून चालून चालून या पायांनी जे शिकून घेतलं होतं, ते तिनं सांगूनही ते विसरायला तयार नव्हते. ती तिथंच उभी राहून रडली. डोक्यावर हंडा आणि कळशी तशीच, कारण ती उतरवायला कुणाचा तरी हात लागतो. आबाजी मांडीवर डोकं घेईल म्हणून आपण पडायला आलो होतो, हे तिला तेव्हा शब्दांत कळलं. आणि त्यापाठोपाठ हेही कळलं की मोडलंच असतं तर नक्की कुठलं, किती, आणि त्याच्यानंतर त्याच चटईवर आवडीच्या शेजारी आपण दुसऱ्या पडलो असतो, मग त्यानं आंबील आधी कुणाला भरवली असती, याचाही आपण मनात हिशोब केला होता.

घरी आली तेव्हा आवडी एकटीच होती. आबाजी बैलाला घेऊन नालबंदाकडे गेला होता. सोनुबाईनं तिला कुशीवर केलं आणि पाठीला तेल लावायला बसली. आवडी भिंतीकडे तोंड करून होती.

"बाय," आवडी म्हणाली, "मी पडले तवा तू हसलीस."

सोनुबाईचा हात थांबला नाही. "हसले."

"का गं?"

"बरं वाटलं मला." हे बोलल्यावर तिला वाटलं आता छप्पर पडेल. काही पडलं नाही. भिंतीतल्या भोकातून आलेल्या उन्हात धूळ तरंगत होती.

आवडीच्या श्वासानं पाठीचे मणके एकेक वर येत होते, सोनुबाईच्या बोटांखाली. मग ती म्हणाली, "मीबी हसले व्हते. मला हिरामणाचे दिस गेले तवा. तू बाहेर बसली व्हतीस, गोठ्याच्या अंगाला. पाऊस येत व्हता, आन तू गोणपाट डोक्यावर घेऊन बसलेलीस. मी चुलीपासनं बघितलं आन तोंडावर पदर धरून हसले. लई हसले. तुला दिसलं नसंल."

"नाय दिसलं."

"मला वाटायचं, तुला ठाव हाय. म्हून तू माज्याशी बोलत नाय."

"ठाव नव्हतं," सोनुबाई म्हणाली. तिला राग यायला हवा होता. ती वाट बघत राहिली. पण राग कुठून आला नाही. फक्त गोणपाटाचा ओला वास आला, इतक्या वर्षांपूर्वीचा. आणि तेव्हा ती चोवीस-पंचवीस वर्षांची होती आणि चुलीपाशी हसणारी ती पोर सतरा वर्षांची होती, घाबरलेली, नेरळकडची, घरात एकटी पडलेली, हे तिनं पहिल्यांदा मनात मोजलं.

"एका पायावर उभी रहातेस का?" आवडीनं विचारलं. "पारूनं तुला सांगितलं ते मी ऐकलंय हितनं."

"कुटं वेळ हाय?"

"आत्ता रहा. माज्यासमोर. मी मोजते."

सोनुबाई तेलकट हात भिंतीला लावून एका पायावर उभी राहिली. आवडीचं तोंड भिंतीकडे असल्यानं तिला फक्त सोनुबाईची सावली दिसत होती. आवडी मोजत होती. वीसच्या पुढचं तिला येत नव्हतं, म्हणून वीस झाले की ती पुन्हा एकपासून सुरू करायची, आणि पाच वेळा वीस झाल्यावर म्हणायची, "बदल."

फाल्गुनात कामट्या सुटल्या. पाय जुळला होता, पण वाकडा आणि आखूड. पारूनं आवडीला उभं केलं तेव्हा ती लहान मुलीसारखी रडली. त्यानंतर रोज सकाळी सोनुबाई तिला अंगणात चालवायची. आवडीच्या कमरेला लुगड्यावरून फडकं घट्ट बांधलेलं, त्यात सोनुबाईची मूठ. मागं अर्धं पाऊल. पहिल्या दिवशी चार पावलं, मग दहा, मग तुळशीपर्यंत. आवडीचं सगळं वजन त्या मुठीत यायचं आणि सोनुबाईच्या दंडातून खांद्यात, खांद्यातून टाचेत उतरायचं. घामाचा, तेलाचा, आंबलेल्या ताकाचा असा आवडीचा वास तिच्या अंगाला लागून राहायचा. आबाजी ओटीवर बसून बघायचा. एक दिवस तो उठला आणि आवडीच्या दुसऱ्या बाजूला येऊन त्यानं तिचा दंड धरला. "मी हाय हिकडनं," तो म्हणाला. आवडी त्याच्याकडे बघून हसली.

"सोडा तुमी," सोनुबाई म्हणाली. "तोल जातो तिचा. दोगांनी धरल्यावर दोन वाटा व्हत्यात."

"अगं पन..."

"सोडा म्हनते ना."

आबाजीनं हात सोडला आणि ओटीवर परत गेला. त्या दिवशी भाकरी थापताना सोनुबाईला पोटातला तो जुना खडा हललेला जाणवला. हलला तसा टोचलाही. ओळखीचंच टोचणं होतं ते, तीस वर्षांचं, पण आज त्याची बाजू कुठली हेच तिला कळेना. आवडी त्याच्याकडे बघून हसली म्हणून टोचलं हे खरं. पण कुणाचं हसू कुणाला गेलं म्हणून? भाकर तव्यावर करपली तरी तिला ठरवता आलं नाही. दुपारी आबाजी आवडीजवळ जाऊन बसला तेव्हा सोनुबाई दोनदा उगाचच आत गेली, एकदा पाणी द्यायला आणि एकदा काही न घेता. तिसऱ्यांदा तिनं सांगितलं, "तिला झोपू द्या आता." आबाजी उठून गेला. आवडी झोपली नव्हती. ती म्हणाली, "बस की." सोनुबाई बसली.

चैत्राच्या सुरुवातीला बायजा गाडी घेऊन आली, खालापुराहून. बायजा आवडीची लेक, पण तिला न्हाऊ घातलं होतं सोनुबाईनं, आणि लग्न होईपर्यंत ती सोनुबाईच्या कुशीत झोपायची. आबाजीनंच निरोप धाडला होता. बायजानं गाडीत पेंढा भरून वर घोंगड्या अंथरल्या होत्या. ती म्हणाली, मी आयला नेते. माज्या घरात दोन जावा हायत, सगळं जिमिनीसरसं हाय, पायऱ्या नायत, उंबरा नाय, विहीर परसात. हितं मोठी आय एकटी किती करनार?

हेच तर सोनुबाईनं तीस वर्षं मागितलं होतं. आवडी या घरातून जावी. आपलं आपण. चूल आपली, ओटी आपली, ओटीवर बसलेला माणूस आपला. गावदेवीला उघड बोलली नव्हती, पण देवीला काय कळत नाही? आणि आता देवीनं बैलगाडी धाडली होती. सोनुबाई म्हणाली, "ती कुटं जायची नाय."

बायजा चकित झाली. "अगं मोठे आय, तुलाच तर आराम."

"तुला तिचं काय ठाव हाय? कुशीवर कसं करायचं ठाव हाय? फडक्याला कुटं धरायचं ठाव हाय?"

"शिकंन की. माजी आय हाय ती." मग बायजाला राग आला, सासरहून लांबची वाट करून आली होती ती. "तू काय तिची आय हायस का भैन हायस? सवत हायस तू!"

बैलानं मान हलवली, घुंगरं वाजली. सोनुबाईनं आवडीकडे बघितलं. आवडी ओटीच्या खांबाला धरून स्वतःच्या पायांवर उभी होती.

"जाते मी बायजाकडं," आवडी म्हणाली. सावकाश, विचार करून ठेवलेलं बोलावं तसं. "बाय, तू मला उचलताना कमरेला हात लावतेस. रोज बघते मी. तुज्या पाठीला कुबड याया लागलंय, माज्यासारखंच. माज्यापायी तुजं हाड मोडाया नको."

आबाजी मान हलवत होता, ती बरोबर बोलतेय म्हणून. बायजानं पुढं होऊन आवडीच्या काखेत हात घातला. आणि त्या हाताकडे बघताना सोनुबाईच्या पोटातला खडा असा उलटा फिरला की तिला ओटीची कड धरावी लागली. तरणा, गुबगुबीत, बांगड्यांनी भरलेला हात. उद्यापासून आवडीची पाठ हा चोळणार. आवडी भिंतीकडे तोंड करून जे काही सांगेल ते ही ऐकणार.

ती आत गेली. दोरीवरचं दुसरं लुगडं ओढलं, त्यात तेलाची बुधली, तिळाची पुरचुंडी आणि आवडीला चालवायचं ते फडकं बांधलं, आणि बाहेर येऊन गाडीच्या चाकावर पाय ठेवला. पाय सरळ, खात्रीचा पडला. ती वर चढली.

"अगं, तू कुटं?" आबाजी ओटीवर उठून उभा राहिला होता. "आन मी? माजी भाकर?"

"तुमाला काय झालंय?" सोनुबाई म्हणाली. "तुमची हाडं धड हायत."

आवडी हसली. या वेळी ती आबाजीकडे बघत नव्हती.

गाडी निघाली. कर्जतच्या वाटेनं ऊन चढत होतं, रस्ता खाचखळग्यांचा होता. गाडीवानाला बायजा सारखी म्हणत होती, जपून रं, जपून हाक. आवडीचं डोकं सोनुबाईच्या मांडीवर होतं आणि तिच्या मोडक्या खुब्याखाली सोनुबाईनं आपला एक पाय उशीसारखा सारून ठेवला होता, म्हणजे धक्का आधी आपल्याला बसावा. दहिवली मागं पडली. नदीपाशी बैलांना पाणी पाजलं, पुन्हा जुंपले. आवडीचा डोळा लागला. झोपेत तिचं तोंड थोडं उघडं पडलं होतं आणि लाळेचा एक धागा सोनुबाईच्या लुगड्यावर उतरत होता. बायजा बराच वेळ दोघींकडे बघत होती. सकाळी बोललेलं तिला लागत असावं.

"मोठे आय," ती हळू आवाजात म्हणाली, "तिला जरा माज्याकडं दे. तुजे पाय भरून येतील."

"नाय भरत," सोनुबाई म्हणाली आणि तिनं आवडीच्या तोंडावर आलेलं ऊन पदरानं अडवलं. तिच्या पायांत दहिवलीपासूनच जीव नव्हता.